दाणा एकटा राहू नये म्हणून

उपवासकाळातील पाचवा रविवार
(योहान १२ : २०-३३)



मार्च अर्धा सरत आला की आपल्या निफाड, दिंडोरी, येवला भागात गव्हाची सोंगणी सुरू होते. नोव्हेंबरात पेरलेला गहू पिवळा पडून वाळतो, ओंब्या भाराने झुकतात आणि दाणा दाताखाली धरला की कट्टकन फुटतो. नेमक्या याच दिवसांत, उपवासकाळाच्या आजच्या रविवारी, पवित्र ख्रिस्तसभा आपल्या हातावर शुभवर्तमानातला गव्हाचा दाणा ठेवत आहे. जो दाणा मातीत जात नाही त्याच्या वाट्याला एकटेपण येते आणि जो मातीत जातो त्याच्यातून भरघोस पीक उभे राहते, असे प्रभू येशू आपल्याला सांगतो.

हा उतारा मयतीच्या मिस्सेतही पुष्कळदा वाचला जातो. त्यामुळे कित्येकांना वाटते की ही शिकवण शेवटल्या घटकेसाठी आहे. आज आपण ती शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचू या. मग ध्यानात येईल की ती आपल्या रोजच्या घरासाठी, शेतासाठी आणि धर्मग्रामासाठी आहे.

प्रश्न एक, उत्तर वेगळेच

प्रसंग असा आहे. वल्हांडण सणासाठी येरुशलेमेत आलेले काही ग्रीक लोक फिलिपाला गाठतात. त्यांना येशूला भेटायचे आहे. फिलिप आंद्रेयाला सांगतो आणि दोघे मिळून येशूकडे जातात. आता येशूने ‘त्यांना आत घ्या’ किंवा ‘नंतर येऊ द्या’ असे काहीतरी म्हणायला हवे होते. तसे काही न बोलता तो गव्हाच्या दाण्याविषयी बोलू लागतो. असे का?

वल्हांडणाच्या सुमारास त्या देशात जव कापणीला आलेले असतात. गहू मात्र अजून शेतात उभा असतो; त्याची कापणी पुढे पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत चालते. सणाला येणाऱ्या यात्रेकरूंनी वाटेत हा उभा गहू पाहिलेला असणार. येशू त्यांच्या डोळ्यांपुढची गोष्ट घेऊन बोलतो.

आजवर येशू मुख्यतः आपल्याच लोकांत वावरला होता. आता परक्या मुलखाची, परक्या भाषेची माणसे दाराशी आली आहेत. सारे जग दाराशी यायला लागल्याची ही खूण आहे. एक माणूस एका गावात राहून किती जणांना भेटणार? येशूने स्वतःला वाचवले असते, गालिलीतील एखाद्या शांत गावी निघून गेला असता, तर तो चांगला गुरू म्हणून मोजक्या लोकांच्या आठवणीत राहिला असता. पण त्याला सर्वांचे व्हायचे होते. क्रूसावर उंचावला गेल्यावर आपण सर्व माणसांना स्वतःकडे ओढून घेऊ, असे तो याच प्रसंगात पुढे सांगतो. म्हणजे त्या ग्रीकांना उत्तर मिळाले आहे. भेट होईल, पण आधी दाणा मातीत जाईल.

मातीत काय घडते

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे, तरीही मातीआड काय घडते ते एकदा सावकाश पाहू या. गहू हे थंडीचे पीक. आपल्याकडे बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. हेक्टरी साधारण १०० ते १२५ किलो बियाणे, दोन ओळींत वीतभर अंतर, आणि खोली पाच-सहा सेंटिमीटर. दाणा फार खोल गेला तर कोंब वर येता येता थकतो. वरच राहिला तर पाखरे टिपून नेतात.

ओल लागली की दाणा फुगतो आणि आतला अंकुर जागा होतो. पण त्याला ना मुळे, ना पान. मग तो खातो काय? दाण्यातला जो पिठाळ भाग आपण दळून खातो, तोच त्याची शिदोरी असतो. त्या पिठाची साखर होते आणि तिच्यावर अंकुर पोसला जातो. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी एखादे रोप अलगद उपटून पाहा. मुळाशी दाण्याचे पोकळ साल तेवढे चिकटलेले दिसेल. एखादा शिकलेला मुलगा म्हणेल की दाणा मेला कुठे, अंकुर तर जिवंतच होता. त्याचे म्हणणे बरोबर आहे. येशू वनस्पतिशास्त्राचा तास घेत नव्हता. प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट तो सांगत होता. दाणा दाणा म्हणून उरत नाही. त्याने जे साठवले होते ते सगळे दुसऱ्या जीवाला देऊन तो रिता होतो.

पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी रोपाला जमिनीलगत नवी मुळे फुटतात. त्यांना मुकुटमुळे म्हणतात. दाण्याची शिदोरी संपलेली असते आणि स्वतःची मुळे अजून कोवळी असतात. म्हणूनच या वेळचे पाणी चुकवू नका, असे कृषी विद्यापीठे सांगतात. ते पाणी मिळाले की रोपाला फुटवे येतात, प्रत्येक चांगल्या फुटव्याला ओंबी धरते आणि ओंबीत तीस-चाळीस दाणे भरतात. चांगल्या बागायती शेतात क्विंटलभर बियाण्याचे चाळीस क्विंटल होतात.

आईवडिलांनी असे कितीतरी गहू पेरलेले आहेत. त्यांच्या प्रार्थनेच्या आणि कष्टाच्या शिदोरीवर लेकरे वाढतात. पण एक वेळ अशी येते की घरची शिदोरी संपते आणि मुलाला स्वतःची मुळे धरावी लागतात. दृढीकरण झालेली मुले, शिक्षणासाठी शहरात गेलेल्या मुली, नवीन लग्न झालेली जोडपी ही आपल्या धर्मग्रामातली तिसऱ्या आठवड्याची रोपे आहेत. त्यांना त्या वेळी कोणी विचारले नाही, तर नंतर कितीही पाणी सोडले तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत.

कोठीतला दाणा

आता दुसरा दाणा पाहू, जो पेरला गेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या घरोघरी वर्षाचा गहू भरला जातो. आयाबाया तो निवडतात, उन्हात वाळवतात, एरंडेल चोळतात, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवतात. एवढे करूनही पावसाळ्यात कधी झाकण उघडावे तर सोंडे लागलेले असतात. सोंड्याची तऱ्हा मोठी विचित्र आहे. त्याची अळी दाण्याच्या आत राहून दाणा खाते. बाहेरून दाणा शाबूत दिसतो. बोटांत दाबला की भुगा होतो.

गहू साठवणे हे काही पाप नाही. योसेफाने मिसर देशात सुकाळाची सात वर्षे धान्य साठवले आणि दुष्काळ पडताच कोठारे उघडली. त्यामुळे त्याच्या भावांचेही प्राण वाचले. याउलट लूकच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत शेतकरी आहे. जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करत असतानाच, त्याच रात्री, त्याचा जीव मागितला जातो. दोघांनीही साठवले. एकाचे कोठार उघडले, दुसऱ्याचे उघडायचे राहून गेले.

आपणही काही दुष्टपणाने स्वतःला कोंडून घेत नाही. आधी मुलांचे शिक्षण होऊ दे, मग घर बांधू, मग मुलीचे लग्न, मग बघू, असे म्हणता म्हणता वर्षे जातात. वेळ जपतो, पैसा जपतो, मान तर सर्वांत जास्त जपतो. बाहेरून संसार शाबूत दिसतो. रविवारी स्वच्छ कपडे घालून आपण चर्चला येतो. पण मायेचा दाणा कधीच आतून पोखरलेला असतो. कोणाकडे जावेसे वाटत नाही आणि कोणी आलेले आवडत नाही. येशू ज्याला एकटेपण म्हणतो ते असे हळूहळू येते.

मूठभर बियाण्याचा प्रवास

दिलेल्या दाण्याचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे. घरातील वृद्धांना ते दिवस आठवत असतील. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ साली देशवासीयांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांनी ते पाळले. १९६६ साली परदेशातून सुमारे एक कोटी टन धान्य आणावे लागले. त्यात मोठा वाटा अमेरिकेच्या गव्हाचा होता.

त्या काळचा आपला गहू उंच वाढणारा होता. खत-पाणी वाढवले की ओंबी जड व्हायची, काडी तो भार पेलू शकत नसे आणि पीक आडवे पडायचे. यावर उपाय सापडला तो जपानमधल्या एका ठेंगण्या गव्हात. ‘नोरिन १०’ हे त्या वाणाचे नाव. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्याचे थोडे बियाणे एका अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या देशात नेले. तेथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला आणि त्यातले बियाणे मेक्सिकोत काम करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांना दिले. बोरलॉग यांनी त्यातून आखूड काडीचे, जड ओंबीचे वाण तयार केले. डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने ते वाण भारतात आले. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे मागवण्यात आले. त्याआधी ज्या देशात वर्षाला साधारण सव्वा कोटी टन गहू होत असे, तेथे आज ११ कोटी टनांहून अधिक गहू पिकतो. बोरलॉग यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही शांततेचे.

या वाढीची किंमतही मोजावी लागली आहे. पंजाबात भूजल खोल गेले, आणि आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी कित्येक ताटांतून गेली. देवाची देणगी वापरतानाही माती आणि पाणी यांचा हिशेब ठेवावाच लागतो. तरीही आज मुख्य गोष्ट ध्यानात घेऊ या. जपान आणि अमेरिका हे कालपरवापर्यंत एकमेकांचे शत्रू होते. त्यांच्यापैकी कोणा एकाने ते मूठभर बियाणे आपल्याच कपाटात कुलूपबंद ठेवले असते, तर ते तिथेच जुने होऊन उगवेनासे झाले असते. ते हातोहात दिले गेले, चार देशांच्या मातीत गेले, म्हणून आपल्या ताटात पोळी आली.

जाते, अग्नी आणि वेदी

शेतातला गहू वेदीवर येतो तेव्हा त्याची आणखी एक परीक्षा झालेली असते. तो दळला जातो. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार मिस्साबलिदानाची भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी केलेली असावी लागते. आपल्या लॅटिन परंपरेत ती बेखमीर असते. पीठ आणि पाणी, बस. त्यात मीठ नाही, साखर नाही, तेल नाही. दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये ते पातळ पीठ भाजले जाते.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांना या भाकरीत आपले स्वतःचे रूप दिसत असे. डोंगरमाथ्यांवर विखुरलेले दाणे एकत्र येऊन जशी एक भाकर झाली, तशी आपली ख्रिस्तसभा एक व्हावी, अशी प्रार्थना ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ग्रंथात आहे. संत ऑगस्टीन नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना समजावून सांगत की उपवास आणि प्रार्थना यांच्या जात्यात तुम्ही दळले गेलात, बाप्तिस्म्याच्या पाण्याने भिजलात आणि पवित्र आत्म्याच्या अग्नीने भाजले गेलात, तेव्हा कुठे एक भाकर झालात. दाणे शेजारी शेजारी ठेवले तर पोते भरते, भाकर होत नाही. भाकर व्हायची तर प्रत्येक दाण्याला आपले साल सोडावे लागते.

या भाकरीपासून कोणी दूर राहू नये याचीही ख्रिस्तसभा काळजी घेते. काही जणांना गव्हातले ग्लुटेन पचत नाही; डॉक्टरांनी त्यांना गहू वर्ज्य केलेला असतो. ग्लुटेन पूर्णपणे काढलेली भाकर मिस्सेत चालत नाही, पण अत्यल्प ग्लुटेन असलेली चालते, असे रोमच्या २००३ आणि २०१७ सालच्या पत्रांत स्पष्ट केले आहे. तेही ज्यांना सोसवत नाही, त्यांना केवळ प्याल्यातून ख्रिस्तप्रसाद घेता येतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा त्रास असेल तर संकोच न करता मिस्सेपूर्वी धर्मगुरूंना सांगावे.

आपल्या भागावर देवाची कृपा अशी की भाकर आणि द्राक्षारस या दोन्ही अर्पणांची पिके आपल्याच शिवारात होतात. निफाडला पारा उतरल्याची बातमी आली की गहूवाला शेतकरी सुखावतो, कारण थंडीने गव्हाला फुटवे चांगले येतात. त्याच रात्री शेजारचा द्राक्षवाला मात्र बागेत शेकोट्या पेटवून जागत असतो, कारण कडक थंडीने मणी तडकतात. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक आभार मानतो आणि एक धावा करतो. आणि मार्च २०२२ मध्ये देशभर जी तीव्र उष्णता पडली, तिने दाणे भरण्याच्या ऐन वेळी उत्तरेकडचा कितीतरी गहू बारीक करून टाकला. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू भाकर आणि प्याला उचलतात तेव्हा हे जागरण, ही काळजी आणि हा घाम सगळे त्यात असते.

आपला सरवा

आता शेवटची आणि जरा अवघड गोष्ट. एकाच बांधाच्या दोन बाजूंना सख्खे भाऊ आहेत आणि वर्षानुवर्षे बोलत नाहीत, असे आपल्यात किती ठिकाणी आहे! वीतभर बांध सरकला, विहिरीच्या पाळीवरून वाद झाला, वाटणीत कोणाला दोन गुंठे कमी आले. कोर्टाच्या तारखा चालू आहेत. रविवारी दोघेही मिस्सेला येतात, एक उजवीकडच्या बाकावर, एक डावीकडच्या. दोघेही रांगेत येऊन तीच एक भाकर स्वीकारतात. त्या भाकरीतल्या दाण्यांनी आपापले साल सोडले आहे, आपण मात्र सोडलेले नाही. आधी कोणी बोलायचे हाच प्रश्न अडून बसला आहे. आजचे शुभवर्तमान म्हणते, जो आधी मातीत जाईल तो. त्यात त्याची हार नाही. पीक त्याच्यापासूनच सुरू होणार आहे.

आणि सरव्याची आठवण करू या. सोंगणी झाल्यावर शेतात पडलेल्या ओंब्या वेचायला गरीब बाया येत, त्याला आपण सरवा वेचणे म्हणतो. शेताचे कोपरे पूर्ण कापू नका आणि पडलेले वेचू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, अशी देवाने इस्राएल लोकांना आज्ञा दिली होती. रूथ ही परमुलखातली विधवा. तिने बवाजाच्या शेतात जवाच्या आणि मग गव्हाच्या कापणीभर सरवा वेचला. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा झाला आणि त्याच वंशात प्रभू येशू जन्मला. बवाजाने त्या वर्षी सगळे शेत झाडून नेले असते तर? आपल्या तारणाच्या इतिहासात सरव्याच्या ओंब्याही आहेत.

आज पंजाब-हरयाणाकडची हार्वेस्टर यंत्रे येतात आणि एकराचे काम तासाभरात उरकून जातात. मजूर मिळत नाहीत, वळवाच्या पावसाची आणि गारांची भीती असते, म्हणून यंत्राला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण सरवा वेचणारी बाई मात्र शेतातून गेली, आणि ती आपल्या डोळ्यांआडही गेली. तिच्यासाठी आपण आता काय ठेवतो? शेतकऱ्याने पहिल्या पोत्यातून चार पायल्या बाजूला काढाव्यात. नोकरदाराने पगारातला एक कोपरा न कापलेला ठेवावा. लग्न-कार्यात भरल्या ताटांचे अन्न उकिरड्यावर जाते, तिथे यजमानांनी आणि पाहुण्यांनी, दोघांनीही, गव्हाच्या चार महिन्यांची आठवण ठेवावी.

पुढच्या रविवारी झावळ्या हाती घेऊन आपण पवित्र आठवड्यात पाऊल टाकू. शुभ शुक्रवारी दाणा मातीत जाईल आणि तिसऱ्या दिवशी कोंब वर येईल. मधल्या या आठवड्यात प्रत्येकाने आपली कोठी उघडून पाहावी. कोणता दाणा आपण फार दिवस जपून ठेवला आहे? एखादी क्षमा, एखादी भेट, एखादी मदत? तो बाहेर काढू या, सोंडे लागण्याआधी.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू स्वतःला राखून ठेवले नाहीस, म्हणून आम्हांला जीवनाची भाकर मिळाली. आमच्या शेतांवर, मजुरांवर आणि पिकांवर तुझा हात राहू दे. गारपिटीने आणि उन्हाने ज्यांचे पीक गेले त्यांना धीर दे आणि आम्हांला त्यांच्या दारी जाण्याची बुद्धी दे. बांधाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या भावांना एक कर. आमच्यातला जो दाणा अजून कोठीत पडून आहे, तो पेरण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.